गाय, युरिया आणि प्रवाळ: ग्रेट बॅरियर रीफचं पाणी बिघडतं कुठे?

(आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'अं', 'हं' काढून टाकलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

इयरफोन कानात आहेत ना? आज जरा लांब जायचंय. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर, क्वीन्सलँड राज्यात. तिथल्या समुद्रातली ग्रेट बॅरियर रीफ आपण सगळ्यांनी निदान रीलमध्ये तरी पाहिलीय. निळंशार पाणी, रंगीबेरंगी मासे, आणि गॉगल लावून अंगठा दाखवणारं कुणीतरी. सुमारे २३०० किलोमीटर लांबीचा हा पट्टा, त्यात जवळपास ३००० वेगवेगळे प्रवाळ खडक, १९८१ पासून जागतिक वारसा. एवढी ओळख पुरे. कारण आज आपण पाण्यात फार कमी वेळ असणार आहोत. जास्त वेळ जाणार आहे तो गायींच्या मागे आणि उसाच्या फडात.

तुम्ही म्हणाल, प्रवाळाचा आणि उसाचा काय संबंध? तोच तर आजचा विषय आहे. गेली काही दशकं तिथले शास्त्रज्ञ एक धागा उलगडत आलेत. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत कुणी किती गुरं चारली, किनाऱ्यालगतच्या शेतात कुणी किती पोती खत टाकलं, आणि त्यामुळे समुद्रातलं पाणी कसं बदललं, हा तो धागा. तो सापडला कसा, हे मला भारी वाटतं. आणि सापडूनही प्रश्न का सुटत नाही, ते त्याहून जास्त विचार करायला लावतं.

आधी जमीन डोळ्यांसमोर आणू. या रीफच्या दिशेनं ३५ नदीखोऱ्यांचं पाणी वाहतं. त्या सगळ्या खोऱ्यांचं मिळून क्षेत्रफळ आहे साधारण ४ लाख २४ हजार चौरस किलोमीटर. आपला अख्खा महाराष्ट्र ३ लाख ८ हजारांच्या आसपास. म्हणजे महाराष्ट्र आणि वर अजून तिसरा हिस्सा, एवढ्या जमिनीवरचा पाऊस शेवटी रीफच्या पाण्यात जातो. या जमिनीच्या जवळपास तीन चतुर्थांश भागावर मांसासाठी पाळलेली गुरं चरतात. ऊस आहे जेमतेम एक-दीड टक्क्यावर. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता प्रवाळ. प्रवाळ हा दगडही नाही आणि झाडही नाही. तो प्राणी आहे, इवलासा, आणि त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते शेवाळ उन्हात अन्न बनवतं आणि प्रवाळाला देतं. भाडेकरूच घरमालकाला जेवू घालतो म्हणा ना! पण त्यासाठी ऊन खालपर्यंत पोचायला हवं. पाणी गढूळ झालं की स्वयंपाकघराची लाईट गेली. शिवाय वरून गाळ बसला की तो झटकण्यात प्रवाळाची ताकद खर्च होते. आणि प्रवाळाच्या पिल्लांना, म्हणजे अळ्यांना, चिकटायला स्वच्छ खडक लागतो. गाळानं माखलेल्या, नाहीतर मोठ्या शेवाळानं भरलेल्या खडकावर त्यांना जागाच मिळत नाही. लक्षात घ्या, गढूळ पाण्यानं प्रवाळ एका दिवसात मरतो असं नाही. तो तग धरतो, पण नवी पिढी तयार होत नाही. गावात म्हातारी माणसं आहेत पण शाळेचा पट कमी कमी होत चाललाय, तसं.

बरं, पण कुणी म्हणेल, नद्या आधीपासूनच गढूळ होत्या. उष्ण कटिबंधातल्या नद्या पुरात लाल होतातच. माणसानं काही बदललं याला पुरावा काय? हा आक्षेप अगदी रास्त आहे. दोनशे वर्षांपूर्वीचं पाणी बाटलीत भरून कुणी ठेवलं नव्हतं. मोजमापं सुरू झाली विसाव्या शतकात, तोवर गुरं येऊन शंभर वर्षं झाली होती.

मग पुरावा मिळाला प्रवाळाकडूनच. पोरायटीस नावाचे प्रवाळ असतात, मोठ्या गोल धोंड्यांसारखे वाढणारे. वर्षाला साधारण एक-दीड सेंटीमीटर वाढतात आणि शेकडो वर्षं जगतात. झाडाच्या खोडात जशी वर्षागणिक वलयं पडतात, तसे यांच्या सांगाड्यात थर पडतात. ऑस्ट्रेलियातले संशोधक पीटर इस्डेल यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं की या सांगाड्याचा काप अतिनील दिव्याखाली धरला तर काही पट्टे चमकतात, आणि ते पट्टे नद्यांच्या पुरांशी जुळतात. जमिनीवरचा कुजका पालापाचोळा पुराच्या पाण्यातून आला, प्रवाळात अडकला, आणि तिथेच राहिला. पुरांची वहीच जणू!

मग २००३ मध्ये माल्कम मॅककलक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला. त्यांनी टाउन्सव्हिल शहराच्या उत्तरेकडच्या किनाऱ्याजवळच्या प्रवाळांमध्ये बेरियम मोजलं. बेरियमच का? नदीच्या गोड्या पाण्यात बेरियम मातीच्या कणांना चिकटून येतं. खाऱ्या पाण्यात शिरलं की ते कणांपासून सुटतं, पाण्यात विरघळतं, आणि प्रवाळ ते कॅल्शियमच्या जोडीनं आपल्या सांगाड्यात घेतो. म्हणजे गाळ जास्त, तर बेरियम जास्त. त्यांच्याकडे साधारण १७५० पासून १९९८ पर्यंतची नोंद होती. पहिली शंभर-सव्वाशे वर्षं आलेख बऱ्यापैकी सपाट आहे, मोठे पूर असूनही. १८७० च्या आसपासपासून तो उसळू लागतो. त्यांचा अंदाज असा की युरोपीय लोक तिथे वसल्यानंतर किनाऱ्याजवळच्या रीफवर येणारा गाळ पाच ते दहा पटींनी वाढला.

आणि १८६० च्या दशकात बर्डेकिन खोऱ्यात काय झालं होतं? गुरं आली होती.

बर्डेकिन ही तिथली एक मोठी नदी. नुसतं तिचं खोरंच १ लाख ३० हजार चौरस किलोमीटर. कोरडा मुलूख, विरळ झाडं, गवत, आणि पाऊस आला तर दोन-तीन महिन्यांत सगळा. आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला हे चित्र समजावून सांगायला नको. ही नदी सरासरी वर्षाला तीस-चाळीस लाख टन गाळ समुद्रात नेते. एकट्या एका नदीकडून रीफला येणाऱ्या गाळात हिचा वाटा सर्वात मोठा.

आता इथे मला या सगळ्या संशोधनातला सर्वात आवडता भाग येतो. गुरांमुळे माती वाहतेय हे कळलं, पण कुठली माती? बरीच वर्षं समज असा होता की गुरांनी गवत खाल्लं, माळ उघडा पडला, पावसानं वरचा थर धुऊन नेला. तेव्हा उपायही तसाच: गवत वाढवा. पण मग कुणीतरी अणुबाँबची मदत घेतली. घाबरू नका! १९५० आणि ६० च्या दशकांत जगभर अणुचाचण्या झाल्या, त्यातून सीझियम-१३७ नावाचं किरणोत्सारी द्रव्य हवेत गेलं आणि पावसाबरोबर सगळीकडे जमिनीवर पडलं, अगदी थोडं. ते वरच्या काही सेंटीमीटर मातीला घट्ट चिकटून बसलं, खाली गेलंच नाही. म्हणजे वरच्या थरावर निसर्गात नसलेला एक शिक्का बसला. नदीतल्या गाळात सीझियम भरपूर असेल तर गाळ वरच्या थरातला. नसेल, तर खालच्या मातीतला.

बर्डेकिनच्या गाळात ते फारच कमी निघालं. म्हणजे बहुतांश गाळ पृष्ठभागावरचा नव्हताच. तो येत होता घळींमधून आणि ढासळणाऱ्या नदीकाठांमधून. एकूण जमिनीच्या एक टक्क्याहूनही कमी जागा व्यापणाऱ्या या घळी समुद्राला गढूळ करत होत्या. लाखो चौरस किलोमीटरवर 'सगळ्यांनी सुधारा' असं सांगण्यापेक्षा, नेमक्या कुठल्या घळी वाहताहेत ते शोधा आणि तिथे पैसा लावा, असा पूर्ण विचारच बदलला.

घळ बनते कशी, तेही सांगते. गुरं पाण्यासाठी ओढ्याकडे एकाच वाटेनं जातात. वाट उघडी पडते, पाऊस त्या वाटेनं वाहतो, आणि एकदा खालची माती उघडी पडली की संपलं. कारण तिथली खालची माती चोपण आहे. शेतकरी घरातल्या मुलांना हा शब्द माहीत असेल. चोपण म्हणजे सोडियम जास्त झालेली जमीन. सुकली की दगड, आणि पाणी लागलं की कण एकमेकांना सोडून देतात आणि दुधासारखं गढूळ पाणी होतं. हेच बारीक कण, वीस मायक्रॉनच्याही खालचे, समुद्रात लांबपर्यंत तरंगत जातात. जाड वाळू मुखाशीच बसते. बारीक मात्र तळाला बसला तरी पुढच्या वाऱ्यानं पुन्हा वर येतो. त्यामुळे पूर ओसरल्यावरही पाणी कित्येक महिने निवळत नाही.

उपाय काय केला? जो आपल्याकडे चोपण जमिनीवर करतात तोच: जिप्सम. बर्डेकिन खोऱ्यात स्ट्रॅथअल्बिन नावाचं एक मोठं गुरांचं रान आहे. तिथे ग्रीनिंग ऑस्ट्रेलिया या संस्थेनं मोठ्या घळींचे उभे कडे यंत्रानं उतरते केले, मातीत जिप्सम मिसळलं, वर दगड आणि गवत टाकलं, आणि गुरांना कुंपणाबाहेर ठेवलं. सुधारलेल्या घळींमधून येणारा गाळ ९८ टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचं त्यांनी नोंदवलं. आता हे ऐकून टाळ्या वाजवायच्या आधी विचार करा, जेसीबी आणि डोझर लावून अशा हजारो घळी सुधारायच्या म्हटल्या तर बिल केवढं होईल. म्हणून नवी घळ पडूच न देणं, हे आजही सर्वात स्वस्त काम आहे.

आणि तिथे एक सुखद धक्का आहे. चार्टर्स टॉवर्स गावाजवळ वाम्बियाना नावाच्या ठिकाणी १९९७ पासून एक चराईचा प्रयोग चालू आहे. काही कुरणांवर भरपूर गुरं, काहींवर बेताची. पावसाची वर्षं असली की जास्त गुरंवाला फायद्यात. मग दुष्काळ येतो, गवत संपतं, चारा विकत घ्यावा लागतो, जनावरं पडेल भावात विकावी लागतात. अनेक वर्षांचा हिशोब लावला तेव्हा बेताची गुरं ठेवणाऱ्याच्या हातात जास्त पैसे राहिले, आणि जमीनही शाबूत राहिली. म्हणजे इथे पशुपालकाचं हित आणि प्रवाळाचं हित एकाच बाजूला आहे.

उसाच्या बाबतीत गोष्ट इतकी सरळ नाही. तो एक-दीड टक्का आठवतोय ना? माणसामुळे नद्यांमध्ये जे विरघळलेलं नत्र वाढलं, त्यात या एवढ्याशा जमिनीचा वाटा सगळ्यात मोठा आहे. कारण ऊस आहे किनाऱ्यालगत, पावसाच्या पट्ट्यात. शेतातून समुद्र काही तासांच्या अंतरावर. खत टाकलं आणि आठवड्याभरात दोनशे मिलिमीटर पाऊस कोसळला, की नत्र एकतर निचऱ्यानं खाली, नाहीतर ओढ्यानं समुद्रात.

समुद्रात नत्र गेलं तर बिघडतं काय? शेतात खत टाकल्यावर जे होतं तेच: हिरवं वाढतं. पाण्यात तरंगणारं सूक्ष्म वनस्पती प्लवक वाढतं. आणि ते प्लवक खातं कोण? काट्यांचा मुकुट घातलेला तारामासा. ग्रेट बॅरियर रीफचा खलनायक म्हणा. ताटाएवढा, कधी त्याहून मोठा, अंगभर विषारी काटे. हा प्रवाळावर चढतो, आपलं पोट तोंडातून बाहेर काढतो, प्रवाळ जागच्या जागी पचवतो आणि मागे पांढरा सांगाडा ठेवून पुढे जातो. एक मादी एका हंगामात कोट्यवधी अंडी टाकते. एरवी बहुतेक अळ्या उपाशी मरतात. पण प्लवक जास्त असेल तर? कॅथरिना फॅब्रिशियस आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडलं की एका मर्यादेपर्यंत, पाण्यातलं प्लवक दुप्पट झालं की अळी मोठी होण्याची शक्यता सुमारे आठपट होते. कोटीच्या आकड्याला आठपट, म्हणजे बघा.

१९६० च्या दशकापासून या तारामाशांच्या चार मोठ्या लाटा नोंदल्या गेल्यात, आणि त्या बहुधा केर्न्स आणि लिझर्ड बेटाच्या दरम्यान सुरू होतात, जिथे ऊसपट्ट्यातल्या नद्यांचं पाणी पोचतं. त्या लाटेनं काय होतं याचा अंदाज २०१२ च्या एका अभ्यासातून येतो. १९८५ ते २०१२ या २७ वर्षांत रीफवरचं जिवंत प्रवाळाचं आच्छादन २८ टक्क्यांवरून १३.८ टक्क्यांवर आलं होतं. त्या घटीत चक्रीवादळांचा वाटा ४८ टक्के, तारामाशाचा ४२ टक्के, आणि उष्णतेनं पांढरं पडण्याचा तेव्हा १० टक्के. आता पाणबुडे खाली उतरून एकेका तारामाशाला पित्तक्षार किंवा व्हिनेगरचं इंजेक्शन देतात. हो, एकेकाला! प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की तारामासा फक्त नत्रामुळे वाढतो यावर सगळ्या शास्त्रज्ञांचं एकमत नाही. त्याला खाणारे मासे माणसानं कमी केले, हेही एक कारण मानलं जातं. माझ्या मते दोन्ही खरं असू शकतं. पण नत्र हे कारण निदान आपल्या हातातलं आहे.

आता खरी गाठ. शेतकरी जास्तीचं खत टाकतोच का? फुकट तर मिळत नाही.

माझे मामा सांगली जिल्ह्यात ऊस करतात. त्यांना मी एकदा विचारलं होतं, माती परीक्षणात कमी सांगितलंय तरी एक पोतं जास्त का? ते म्हणाले, "अगं, टाकलं आणि लागलं नाही तर एका पोत्याचं नुकसान. नाही टाकलं आणि लागलं असतं, तर एकरी पाच टनांचं." क्वीन्सलँडचा शेतकरी इंग्रजीत बोलतो, पण गणित हेच करतो. साल चांगलं जाईल की वाईट, हे खत टाकायच्या दिवशी माहीत नसतं. म्हणून तो चांगल्या सालाच्या हिशोबानं टाकतो. साल वाईट निघालं, की न लागलेलं नत्र पाण्यात. जास्तीचं पोतं हे खत नाहीच, तो विम्याचा हप्ता आहे. फक्त त्याचा भुर्दंड प्रवाळ भरतो.

हे ओळखून सीएसआयआरओ या तिथल्या राष्ट्रीय संशोधन संस्थेतल्या पीटर थॉर्बर्न आणि सहकाऱ्यांनी विमा उद्योगाबरोबर एक कल्पना आखली: शेतकऱ्यानं नत्र कमी टाकायचं, आणि त्यामुळे उतारा घटला तर विम्यातून भरपाई. पोत्याच्या जागी खराखुरा विमा. मला या सगळ्या उपायांत ही कल्पना सर्वात शहाणी वाटते, कारण ती शेतकऱ्याला मूर्ख किंवा दुष्ट समजत नाही.

बाकी शेतातले उपाय ऐकले तर तुम्हाला आपल्याच गावात असल्यासारखं वाटेल. पाचट न जाळता शेतात पसरणं. उत्तरेकडच्या जास्त पावसाच्या भागात आता बहुतेक जण हेच करतात, खालच्या बर्डेकिनमध्ये मात्र पाटपाण्याला पाचट आडवं येतं म्हणून अजूनही फड पेटवतात. खोडवे संपल्यावर मधे सोयाबीन किंवा चवळीचा बेवड घेणं, आणि त्या बेवडानं दिलेलं नत्र पुढच्या युरियातून वजा करणं. हे 'वजा करणं' मोठं अवघड जातं बरं का! आणि नत्र हळूहळू सुटेल अशी खतं वापरणं. आपल्याकडे २०१५ पासून सगळा युरिया कडुनिंबाचा लेप देऊन येतो, त्यामागेही हळूहळू सुटण्याचाच विचार आहे.

शेतकरी चिडलेही. २०१९ च्या शेवटी क्वीन्सलँड सरकारनं खत आणि गाळाबद्दलचे कडक नियम लागू केले, तेव्हा 'तुमचं विज्ञान आम्हाला पटत नाही' असा सूर निघाला, आणि २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सिनेटच्या समितीपुढे यावर सुनावण्याही झाल्या. मला तो राग समजतो. सॅटेलाईट आणि मॉडेलमधून कुणी सांगतं की तुमच्या शेतामुळे अमुक टन नत्र गेलं. पण माझ्या शेतातून किती, हे कोण दाखवणार? केर्न्सच्या दक्षिणेला रसेल आणि मलग्रेव्ह नद्यांच्या खोऱ्यात यावर एक छान उत्तर सापडलं. तिथे ऊस उत्पादक आणि जेम्स कुक विद्यापीठातले संशोधक यांनी मिळून ओढ्यांचं पाणी वेगवेगळं मोजायला घेतलं: जंगलाखालचं वेगळं, केळीखालचं वेगळं, गावाखालचं वेगळं, उसाखालचं वेगळं. सीएसआयआरओनं तर '१६२२डब्ल्यूक्यू' नावाचं ॲप काढलं. ओढ्यात बसवलेला सेन्सर नायट्रेट मोजतो आणि शेतकऱ्याला मोबाईलवर आलेख दिसतो. काल पाऊस झाला, आज आलेख उसळला, आणि खत परवाच टाकलं होतं. अशा वेळी कुणी भाषण द्यायची गरज उरत नाही.

आता तो प्रश्न, जो तुमच्यातले अर्धे जण कमेंटमध्ये विचारणार आहेत: समुद्रच तापतोय, मग गाळ आणि युरिया मोजून काय उपयोग? २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४, एवढ्या वेळा रीफ मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. आणि २०१७ मध्ये टेरी ह्यूज आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये स्पष्ट लिहिलं की २०१६ च्या तडाख्यात स्वच्छ पाण्यातल्या प्रवाळांना स्वच्छ पाण्यानं वाचवलं नाही. इतकी उष्णता असली की सगळे सारखेच. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. मुळावरचा घाव तापमानवाढीचा आहे, आणि कितीही घळी बुजवल्या तरी तो थांबत नाही.

पण मार खाणं वेगळं आणि उठून उभं राहणं वेगळं. २०१९ मध्ये आरन मॅकनील आणि सहकाऱ्यांनी रीफची बरीच वर्षांची नोंद तपासली. गढूळ पाण्यातले प्रवाळ उष्णतेत थोडे कमी पांढरे पडतात, हे खरं निघालं, कदाचित सावलीमुळे. पण त्यांना रोग जास्त, तारामासा जास्त, आणि सावरायला वेळ जास्त. बेरीज-वजाबाकी केली तर तोटाच. आणि सावरायला मिळणारा वेळच कमी होत चाललाय. आधी दोन तडाख्यांमध्ये बरीच वर्षं असायची, आता एक ते तीन. त्या थोड्याशा वर्षांत नवी पिढी खडकाला चिकटेल की गाळात मरेल, हे बर्डेकिनच्या घळी ठरवतात.

सरकारनं २०२५ पर्यंतचं लक्ष्य ठेवलं होतं: विरघळलेलं नत्र ६० टक्क्यांनी कमी, बारीक गाळ २५ टक्क्यांनी कमी. अधिकृत अहवालपत्रांवरून दिसतं की नत्राची गाडी अर्ध्या वाटेच्या आसपासच रेंगाळली. २०२१ मध्ये युनेस्कोकडून ही रीफ 'धोक्यातल्या वारसा' यादीत टाकण्याची शिफारस आली, तेव्हा तापमानाबरोबर पाण्याची प्रत हेही कारण दिलं होतं. ऑस्ट्रेलियानं खटपट करून तो निर्णय पुढे ढकलला.

आपल्याकडे काय, असं विचारलंत तर मालवणचं नाव घ्यावं लागेल. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात प्रवाळ आहेत, १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, आणि थोड्याच अंतरावर देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. विजयदुर्गपासून साधारण शंभर किलोमीटर आत, खोल समुद्रात, आंग्रिया बँक आहे. तिथेही प्रवाळ आहेत, पण किनाऱ्यापासून खूपच लांब. क्वीन्सलँडमध्ये किनाऱ्याजवळच्या आणि बाहेरच्या रीफमध्ये जो फरक आहे, तो डोळ्यांसमोर आणायला ही जोडी सोपी पडते. कोकणातली डोंगरउतारावरची उघडी माती, रस्त्यांची खोदकामं, नव्या बागांसाठी कापलेले उतार, हे सगळं मालवणच्या बाजूला येतं.

बोलून झालं, आता बघायचं काम तुमचं. फोनवर नासाचं 'वर्ल्डव्ह्यू' पान उघडा, फुकट आहे. तारीख टाका फेब्रुवारी २०१९ ची, आणि टाउन्सव्हिलच्या खाली बर्डेकिनचं मुख शोधा. तो मोठ्या पुराचा महिना होता. तपकिरी पाण्याची जीभ समुद्रात शिरलेली दिसेल. त्या वर्षी ते गढूळ पाणी किनाऱ्यापासून साठेक किलोमीटर लांब, बाहेरच्या रीफपर्यंत पोचलं होतं. ते पाहून झालं की नकाशा सरकवत मालवणवर आणा. जुलैत ढगांशिवाय काही दिसणार नाही. ढग फाटलेला सप्टेंबर-ऑक्टोबरमधला एखादा दिवस निवडा, आणि खाड्यांच्या तोंडाशी पाण्याचा रंग कुठपर्यंत बदललाय ते बघा. स्क्रीनशॉट पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू.